उजवा कौल, डावा हात

नाटकातली काठी पोकळ असते. मारणारा ओरडतो फार, लागतं कमी. भागोजीच्या हातातली काठी मात्र भरीव बांबूची होती आणि ती कुशाबाच्या टाळक्यावर पडायची होती. मध्ये महिपतीचा हात आला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि शिमग्याचे ढोल बंद पडले.

महिपती महाडला तारमास्तर होता. भलतीकडेच वळलेलं आपलं उजवं मनगट बघताना त्याच्या मनात एकच आलं, आता किल्ली कशी दाबायची? तारयंत्राच्या कड्कट् करणाऱ्या त्या पितळी किल्लीवर त्याची नोकरी होती, आणि नोकरीवर देवाचं कर्ज.

हे कर्ज तीन वर्षांपूर्वीचं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. मुंबईत तारेचं शिक्षण घ्यायचं तर फी आणि दहा महिन्यांचं जेवण मिळून पाचशे रुपये लागत होते. गावकीने ते पालखीच्या फंडातून काढून दिले. व्याज नाही, पण तिसऱ्या शिमग्याला पैसा न् पैसा परत. नाही फिटला, तर पालखीच्या दांडीचा पुढचा खांदा घराण्यातून जाणार. हा मान महिपतीच्या आज्यापासूनचा. आता थोरला भाऊ भागोजी तो वाहत होता. पैसे देण्याआधी गुरवाने देवाला फूल लावून कौल घेतला, ‘पोरगा शिकेल का?’ फूल उजवीकडे पडलं. सारा गाव खूश! शिकून मिळवील किती, हे देवाला कुणी विचारलंच नाही.

महिपती शिकला. मग जागा निघेपर्यंत दहा महिने दासगावच्या धक्क्यावर पोती उचलत बसला. अखेर महाडला चिकटला, तो पंचाण्णव रुपयांवर. खोलीभाडं, खानावळ, आईचं औषध वजा जाता महिन्याला वीस रुपये फंडात पडत. एकसष्टच्या शिमग्यापर्यंत तीनशे फिटले होते.

सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या ज्या चौथऱ्यावर पालखी बसते तिथे, भर दुपारी हिशेब वाचला गेला.

“दोनशे बाकी,” गुरव म्हणाला.

“माझा पोरगा गिरणीत हाय,” पुढच्या खांद्यावर डोळा ठेवून असलेला कुशाबा मिशीत हसला. “शाळा नाय, फी नाय, पहिल्या दिसापासून सव्वाशे. आन् ह्यो पाचशे रुपयं जाळून सुतारपक्षी झाला. टक टक टक!”

लोक खदखदले. महिपतीलाही हसू आलं, कारण हिशेब खरा होता. भागोजीला आलं नाही.

“कुशाबा, तोंड आवर!”

“तू दांडी सोड आधी!” म्हणत कुशाबाने पुढच्या दांडीला हात घातला.

मग काय, रणच माजलं! भागोजीने कुशाबाच्या छातीत लाथ घातली. कुशाबाच्या पुतण्याने भागोजीचं तोंड दगडाने फोडलं. गुरवाचं पागोटं गेलं, पाठोपाठ दोन दातही गेले. गुलालात रक्त मिसळलं की कुठलं काय ते कळत नाही. तोंडातलं रक्त थुंकत भागोजीने काठी उचलली. खाली पडलेला कुशाबा उठतच होता. तो घाव बसता तर कवटी नारळासारखी फुटली असती.

मोडला तो महिपतीचा हात. कर्ज फिटेपर्यंत म्हणून दांडी त्याच दिवशी कुशाबाच्या खांद्यावर गेली.

हाड जुळलं, पण बोटं वळेनात. साहेबाने तीन महिन्यांची बिनपगारी रजा दिली. पुढे परीक्षा, नापास झालास तर घरी. महिपती घरच्या पाटावर डाव्या हाताने, किल्ली समजून, पळी आपटत बसे. डावं मनगट सुजे, तो हळद लावून पुन्हा बसे. समोर भागोजी बसून असायचा. एकदा त्याने स्वतःचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवला आणि कोयता महिपतीपुढे सरकवला.

“घाल.”

महिपतीने कोयता परसात भिरकावला. “तुझा हात तोडून माझा पगार वाढतोय काय रे, दादा? त्यापरास कोळसा पाड आन् पैसं आण.”

भागोजी कोळशाच्या भट्टीवर राबला. महिपती डाव्या हाताने परीक्षा पास झाला. पुढच्या शिमग्याला शेवटचे दोनशे सहाणेवर पडले आणि गुरवाने दोन दात गेलेल्या तोंडाने मान परत दिला.

भागोजी जागचा हलेना. “ह्या हातानं भावाला मारलं. देवाच्या दांडीला कसा लावू?”

कुशाबा पुढे झाला. त्याने भागोजीच्या खाडकन् थोबाडीत दिली आणि मानगूट धरून त्याला दांडीखाली घातलं.

“माझ्या डोस्क्याचा हिशेब फिटला,” तो म्हणाला. “उचल आता.”

पालखी उठली. कुशाबा मागच्या दांडीला लागला. शिमगाच तो, शिव्यांचा पाऊस पडत होता.

“काय तारमास्तर,” कुशाबा ओरडला, “तुझ्या त्या टकटकीत शिव्या देता येतात का रे?”

“येतात की, कुशाबाकाका.”

“मग दे एक भाग्याला. लांबलचक दे!”

महिपतीने डावी मूठ वळली आणि चालता चालता दांडीवर बोटाच्या हाडाने टकटक सुरू केली. पार वेशीपर्यंत ती काही संपली नाही.