शाळा सुटल्यानंतरचा तास

सेनगाव तालुक्यातल्या एका प्रशालेत मी गणित शिकवते. मागच्या वर्षी मुख्याध्यापकांनी शाळेचा विकास आराखडा करायला घेतला, तेव्हा गणिताची बाजू माझ्याकडे आली. दहावीची मुलं गणितातच अडकतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उपाय सरांनी आधीच ठरवून टाकला होता: शाळा सुटल्यावर जादा तास.

वर्गात मी ते सांगितलं तेव्हा साखरा गावाकडून एसटीनं येणाऱ्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यातली एक, एरवी तोंड न उघडणारी, उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, आमी थांबलो तर एसटी निघून जाती. मंग घरी कशानं जावं?"

गणितात कच्च्या होत्या त्या नेमक्या याच मुली. मी सरांना म्हटलं, जादा तास नको, रोजचा गणिताचा तास शेवटी आहे तो सकाळी पहिला आणू. शेवटच्या तासाला या मुलींचा जीव एसटीत असतो. सरांना पटलं. माणूस वाईट नव्हता. "पण आराखडा वर गेला, मॅडम," ते म्हणाले. "आता बदलायचा म्हणजे पहिला चुकला असं लिहून द्यावं लागतं."

मग जादा तास सुरू झाले. गावातली पोरं बसायची, ज्यांना बरंचसं येतच होतं. फोटो काढायचा असला की सर त्यांना पुढच्या बाकांवर दाटीनं बसवत. मुलींना मी जेवणाच्या सुट्टीत घेऊन बसायचे. एका हातात पोळी, दुसऱ्या हातात पेन. उदाहरण निम्म्यावर यायचं आणि घंटा व्हायची. माझा नुसता संताप व्हायचा.

निकाल लागला. गावातल्या पोरांचे गुण वाढले, त्यामुळे आराखड्यातलं उद्दिष्ट पूर्ण झालं असं कळवलं गेलं. उभी राहून बोललेली मुलगी गणितात नापास झाली. फेरपरीक्षेसाठी मी तिच्या घरी फोन केला. वडील म्हणाले, "बसवतो की. पण तिला हितं शिकवावं कोणी?"

यंदा नवा आराखडा करायचा होता. तो वर जायच्या आधीच सरांनी वेळापत्रकात गणिताचा तास पहिला केला. चहा संपायच्या आत झालं. तेवढ्यासाठी वर्ष गेलं, असं मी म्हणाले. सर म्हणाले, "पुढच्या मुलींना तर उपयोग होईल."

मी वर्गावर निघून गेले.