नववं झाड

मी शेतातली उभी झाडं विकत घेतो. नुसत्या नजरेने वजन सांगतो आणि सौद्यात सहसा हरत नाही. श्रीगोंद्याकडच्या एका शेतकऱ्याने मात्र मला हात हलवत परत पाठवलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

त्याच्या बांधावर कडुलिंबाची नऊ झाडं होती. घरावर नवे पत्रे टाकायचे म्हणून आठ हिरवी झाडं तो द्यायला तयार होता. नववं पार वाळलेलं, आतून पोकळ. ते मी वर फुकट मागितलं.

"ते न्हाई," तो म्हणाला.

"अहो दादा, नुसतं जळण ते. त्यात काय सोनं पुरलंय?"

"ढोली हाय त्यात. धनेशाची मादी आत बसती न् दार लिंपून घेती. नर बाहेरून भरवतो." पाचही बोटांची चोच करून तो हवेतच घास भरवून दाखवत होता.

मलाही कुतूहल वाटलं. मी खोडाला कान लावला. आत काहीच हालचाल नव्हती.

"दोन वरसं झाली, आलं न्हाई पाखरू," तो म्हणाला.

"मग ठेवताय कशाला?"

"झाड लावता येतं, पाव्हणं. ढोली लावता येत न्हाई."

मी चिडलो. "नऊच्या नऊ द्या, नाहीतर एकही नको."

त्याने गंजलेल्या पत्र्यांकडे एकदा पाहिलं. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेला.

पाखरासाठी हरलो असतो तर मनाला समजावलं असतं. मी रिकाम्या भोकापुढे हरलो.