संपतच्या नावाचा नवा व्हिडिओ

संपत जाऊन आज एक वर्ष झालं. आणि गेल्या महिन्यात त्याचा नवा व्हिडिओ आला.

घाबरू नका. मीही घाबरलो होतो. सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. संपत माझा बालमित्र. माण तालुक्यातला. आयुष्यभर शेळ्या-मेंढ्या राखल्या. मी कुपवाडला कारखान्यात लेथवर होतो, रिटायर होऊन गावी आलो. शाळा दोघांनीही सातवीत सोडलेली.

तो शेळ्यांच्या आजारांवर बोलायचा, मी मोबाइल धरायचो. आमचं चॅनल म्हणजे एवढंच.

माझा सगळा जीव चार्जिंगमध्ये. आवाज येतोय का, मेमरी भरली का. आणि सगळ्यात मोठी काळजी वेगळीच.

"संपत, उद्या कोण म्हणालं तुमच्या सांगण्यानं शेळी मेली, तर रं?"

"म्हणून तर आदी इचारतोय न्हवं. तू मोबाइल नीट धर. हात लय हलतोय तुजा."

आधी विचारतो, हे मात्र खरं होतं. कमेंटमध्ये कुणी लिहिलं की शेळी खात नाही, औषध सांगा, तर हा औषध सांगायचाच नाही. उलटे प्रश्न. काय खाल्लं? लेंडी कशी पडतीया? गाभण हाय का?

टाइप मी करायचो. माझं एक बोट.

एकदा इस्लामपूरकडच्या एका जवानाचा मेसेज आला. तो ड्युटीवर लांब, घरी आई एकटी, शेळीचं पोट फुगलेलं. संपत विचारणार, मी टाइप करणार, जवान आईला फोन करणार, मग आम्हाला लिहिणार. अख्खी दुपार गेली. शेवटी संपत म्हणाला, "आईला म्हणावं आता थांबू नगं, डाक्टरला बोलीव."

एवढ्यासाठी दुपार! मी चिडलो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी हा माझ्या दारात.

"नाना, इचार की त्याला. उठली का शेळी?"

उठली होती.

मग गेल्या वर्षी संपत आजारी पडला आणि गेला. चॅनलवर नवं काही येईना.

त्याचा मुलगा सचिन मुंबईला असतो. त्याला एका कंपनीचा फोन आला. जुन्या व्हिडिओंवरून एआय वापरून संपतचा चेहरा, संपतचा आवाज तयार करणार. लोकांनी प्रश्न विचारायचे, 'संपत' उत्तर देणार. दर आठवड्याला नवा व्हिडिओ.

सचिनच्या मनात वाईट नव्हतं. सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "काका, नवं काय पडलं न्हाई तर जुनं कुणाला दिसतच न्हाई. वर्षात दादांना कोण वळकणार न्हाई."

हीच भीती मला रोज खात होती.

खरं सांगतो, मीच आधी हो म्हणालो. मला त्याचा आवाज ऐकायचा होता.

कंपनी म्हणाली, एक प्रश्न पाठवा, नमुना करून दाखवतो. मी लिहिलं, शेळी दोन दिवस झाले खात नाही, काय करू?

व्हिडिओ आला. सचिन, संपतची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी, तिघं ओसरीवर बसून बघायला लागलो.

तोच पटका. तोच बसका आवाज.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "तब्येत बरी दिसतीया ह्यांची," म्हणाल्या.

मला रडूच आलं.

पडद्यावरचा संपत हसला. जंताच्या औषधाचं नाव सांगितलं, किती पाजायचं ते सांगितलं, आणि मोकळा झाला.

वहिनींनी पदर खाली घेतला.

"आवं भावजी, शेळी गाभण हाय का, ते इचारलंच न्हाई."

"आई, नमुना हाय नुसता," सचिन म्हणाला.

"आन् कुणी गाभण शेळीला पाजलं मंजी? गाभडून पोटातलं करडू गेलं तर शिव्या कुणाला? त्या कंपनीला, का तुज्या बापाला?"

सचिननं व्हिडिओ मागं नेऊन पुन्हा बघितला. वहिनींनी मान हलवली.

"इचारल्याबिगर त्यास्नी दम निघायचा न्हाई. हे न्हवंत ते. बंद कर."

सचिननं तिथंच फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं. मग हळूच म्हणाला, "मंजी चॅनल बंदच का?"

"बंद कशाला? शेळ्या काय एकट्या तुज्या बापानं राखल्या व्हय?"

मी वहिनींकडं बघतच राहिलो. इतकी वर्षं त्या चौकटीबाहेर शेळी धरून उभ्या असायच्या. मी कॅमेरा कधी तिकडं फिरवलाच नव्हता.

लोक मला म्हणतात, नाना, पुढं इंटरनेटवर सगळं मशीनच लिहिणार, मशीनच बोलणार, माणसाचं कोण ऐकतंय. एरवी मी कशाचीही काळजी करतो. याची करत नाही. उत्तर कुणीही देईल. पण दुसऱ्या दिवशी शेळी उठली का म्हणून ज्याच्या जिवाला घोर लागतो, त्याला लोक शोधत येणारच. लाख व्हिडिओंच्या ढिगातून येतील.

आज सकाळी वहिनींचा पहिला व्हिडिओ टाकला. करडू दूध ओढत नसेल तर काय करायचं.

दुपारपर्यंत जतच्या एका बाईंची कमेंट. "मावशी, हे चुकतंय तुमचं. आमच्याकडं असं करत नाहीत."

मी घाबरून वहिनींना वाचून दाखवलं. काढून टाकू का म्हणालो.

"काढताय कशाला? कसं करत्यात ते इचारा की तिला."

आत्ता कमेंटमध्ये दोघींचं जोरात चाललंय. टाइप करून माझं बोट दुखतंय.

एक विनंती. संपतचा चेहरा, संपतचा आवाज असलेला नवा व्हिडिओ कुठंही दिसला तर तो त्याचा नाही. त्याचे जेवढे होते तेवढे चॅनलवर आहेत, आणि तसेच राहतील.

संपत, तू गेलास. ते आता आम्ही मान्य केलंय.

मनापासून नमस्कार, गड्या.