देवाला न आवडण्याची धडपड

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात एक निराळाच गंध भरून राहिलेला असतो. वितळत्या मेणाचा, कबरींना नव्याने लावलेल्या चुन्याचा आणि आदल्या संध्याकाळी मंडईतून आणून ओल्या फडक्यात जपलेल्या मोगऱ्याचा. उजाडायच्या आत आम्ही ख्रिस्ती मंडळी आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो, फुले वाहतो आणि पूर्वेकडे तोंड करून येशूच्या पुनरुत्थानाची गीते गातो. त्या धूसर प्रकाशात इकडचे कोण आणि पलीकडचे कोण, ही सीमारेषा क्षणभर किती पुसट होते! कोथरूडहून स्कूटरवर येताना अंगात भरलेली थंडी तेवढी आपण अजून इकडचेच आहोत, याची आठवण देत राहते.

यंदा माझा हात धरून माझी नात नाओमी आली होती. पत्नी गेल्यानंतरचा हा आमचा पहिला ईस्टर. खरे तर मृत्यूविषयी मुलांना काय सांगावे, हे मला ठाऊक असायला हवे. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवता शिकवताच माझे केस पांढरे झाले. पण दुसऱ्यांच्या मुलांपुढे रंगवलेला स्वर्ग आपल्या घरातली खुर्ची रिकामी झाली की किती दूरचा वाटू लागतो! मी ते उद्यावर ढकलत राहिलो, आणि समाचाराला येणाऱ्यांनी तो प्रश्न परस्पर सोडवूनही टाकला. जो येई तो नाओमीच्या गालावरून हात फिरवून म्हणे, "तुझी आजी देवाला फार आवडायची ना, म्हणून त्याने तिला नेलं." आमच्याकडे हे सांत्वन चहाइतक्याच सहजपणे पुढे केले जाते.

रोज संध्याकाळी आमच्या घरी एकत्र प्रार्थना होते. तिच्या शेवटी नाओमीची चिमुकली प्रार्थना असे; तेव्हापासून ती बंद पडली. गीत सुरू झाले की बाई टेबलाखाली. शिवाय आईला उलट उत्तरे, शेजारच्यांच्या कुंड्यांतली फुले ओरबाडणे, असे नवे उद्योग सुरू झाले. सुनेला वाटले, हट्टीपणा आहे, जाईल. मग एकदा मी गीताला सूर लावला, तशी ती टेबलाखालून धावत आली आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "आजोबा, एवढं छान नका ना म्हणू. देवाला तुम्ही आवडाल."

माझे गाणे ऐकून देव भुलेल, अशी भीती आमच्या चर्चमध्ये आजवर कुणालाही वाटलेली नव्हती! मला हसू आले आणि त्याच श्वासात सारे उमगले. ते लेकरू इतके दिवस देवाला न आवडण्याची धडपड करत होते, आणि आता मलाही त्याच्या नजरेआड ठेवू पाहत होते. ज्याच्या कुशीत तिने निर्धास्त असावे, त्याच्याच भीतीने ती लपत होती. ही भीती तिच्यात मुरली, तर पुढे आयुष्यभर कुणाला हाक मारील ती? या विचाराने मी अस्वस्थ झालो.

म्हणून त्या पहाटे, कबरीवर मोगरा वाहून झाल्यावर, मी तिला जवळ घेतले. म्हटले, "आजी देवाला आवडायची म्हणून नाही गेली, बाळा. ती आजारी होती, तिचं शरीर थकलं आणि ती मरण पावली. ती एकटी पडू नये म्हणून देव तिच्याजवळ आला."

तिने कबरीवरची कलती मेणबत्ती सरळ केली. "त्याला वाईट वाटलं?"

"वाटलं असणार. मित्राच्या कबरीपाशी येशूही रडला होता."

"मग आजी परत कधी भेटेल?"

"कधी, ते मला माहीत नाही. भेटेल, एवढा विश्वास आहे."

इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून गाळून हातात उरले ते एवढेच! ते तिला पुरेल का, हे मला कळत नव्हते. पूर्वेकडे फटफटू लागले होते, कुठेतरी कोकिळा जागी झाली होती, आणि आमच्या चर्चचे पाळक शेवटच्या प्रार्थनेसाठी उभे राहिले. त्यांची प्रार्थना संपते न संपते तोच माझ्या शेजारून एक ओळखीचा, पण कितीतरी दिवसांत न ऐकलेला आवाज आला. नाओमीने डोळे घट्ट मिटले होते.

"देवा, आजोबा तुला आवडत असतील, तर तू आमच्याकडेच राहायला ये."

मला आमेन म्हणता येईना. मग तिनेच ते माझ्या वाटचेही म्हटले, चांगले खणखणीत.