माईंचं मोदकपात्र

आमच्या साताऱ्याकडच्या पुरुषांना पातोळ्या करता येत नाहीत. मला येतात, आणि बऱ्यापैकी येतात. याला कारण एक मासा आहे.

पातोळी हा कोकणातला प्रकार. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, त्यावर गूळखोबरं पसरायचं, पान दुमडायचं आणि मोदकासारखं उकडायचं. आमचं गाव कोरेगावच्या बाजूचं, घरची ऊसशेती. गूळ आमच्याकडं ढेपांनी असायचा, पण तो असल्या नाजूक कामाला लावावा हे आमच्या घराण्यात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही आलं नसतं.

सत्तर साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. कुपवाडच्या एका लहानशा कारखान्यात मी फिटर म्हणून लागलो होतो, नुकतंच लग्न झालं होतं आणि सांगलीत भाड्याच्या खोल्या शोधत होतो. एका जागेच्या कौलांतून आभाळ दिसायचं. दुसरीला भिंत अशी नव्हतीच, पलीकडे म्हशी होत्या. शेवटी माई भेटल्या. साठी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या, जाड भिंगांचा चष्मा आणि त्यातून आरपार बघण्याची सवय. मागच्या दोन खोल्या द्यायला तयार झाल्या, पण अट घातली.

"शिंदे, घरात मांसमच्छी शिजता कामा नये. ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी सामान बाहेर."

मी मान डोलावली. माझी बायको शालन हिचं अटीकडं लक्षच नव्हतं. ती मोरीतला नळ सोडून बघत होती. तिचं माहेर माणातलं, दहिवडीजवळचं. घागरभर पाण्यासाठी पायपीट करत वाढलेली. नळाला दोन्ही वेळा पाणी येतं म्हटल्यावर तिनं मला बाजूला घेतलं.

"आवं, ह्ये घर तुमच्यापायी गेलं, तर मी माहेरी निघून जाईन. तिथं पाणी न्हाई हे ठावं असून जाईन."

यापुढं धमकी जाऊ शकत नाही. मी वर्षभर वांगं, मेथी आणि पिठलं यांवर काढलं. (कुपवाडच्या खानावळीत एखाददुसऱ्या दुपारी काय झालं, तो विषय इथं नको.)

मग गौरीगणपती होऊन गेले आणि आमचा दादा सुटीवर आला. दादा माझा थोरला भाऊ, फौजेत हवालदार. पूर्वेकडच्या सरहद्दीवर बरीच वर्षं काढून आलेला. तिथल्या लंगरातल्या एका स्वयंपाक्याकडून तो तिकडचे प्रकार शिकला होता, आणि जे शिकलं ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय दादाला झोप लागत नाही. गावी आईनं चुलीजवळ उभं केलं नाही. म्हणून तो दोन दिवसांसाठी आमच्याकडं सांगलीला आला.

रविवारी सकाळी तो कृष्णेच्या घाटावर फिरायला म्हणून गेला आणि पिशवी घेऊन परतला. वर मेथीची जुडी होती. खाली चांगली हातभर मरळ होती.

आता आमच्यात थोरल्या दिराशी थेट बोलायची पद्धत नाही. शालन पदर डोक्यावर घेऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. दादा तिच्यापासून दोन हातांवर. मध्ये मी.

"त्यास्नी सांगा, ह्या घरात ह्ये चालत न्हाई."

"दादा, ती म्हणतीय..."

"ऐकलं मी. तिला सांग, वास येतो तो तळल्यावर. तिकडची माणसं मासा तळत न्हाईत, वाफेवर ठेवत्यात. पांढरं शुभ्र मांस, आलं, लसूण, कांद्याची पात. वास न्हाई, धूर न्हाई. फौजेत तपासून बघितलंय मी."

"त्यास्नी सांगा, फौज आमाला घर देनार हाय का?"

मी दोघांचं दोघांना सांगत राहिलो. तेवढ्यात दादानं आपल्या काळ्या ट्रंकेतून एक काळी बाटली काढली. त्या काळी सांगलीत असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. सोयाबीन आंबवून केलेलं काळंभोर खारट पाणी.

"चिनी लोक सगळ्यात घालत्यात ह्ये."

"दादा, अरे त्यांच्याशी आपली लढाई झाली की."

"लढाई येगळी, कालवण येगळं," दादा म्हणाला आणि मासा साफ करायला बसला.

घर वाचवायचं तर मी इथंच अडवायला हवं होतं. पण मरळीचे ते पांढरे तुकडे ताटात पडले आणि माझं वर्षभराचं वांगं मला आठवलं. मी विचारलं, "वाफेवर ठेवायचं कशात?"

"जाळीचं भांडं पायजे."

सगळ्या घरात जाळीचं भांडं एकच, तेही आमचं नव्हे. माईंचं तांब्याचं मोदकपात्र. दादा म्हणाला, "मग जा आन् आण. आन् परसात हळद लावलीया त्यांनी, तिची आठ-धा पानं माग. तिकडं क्येळीच्या पानात बांधत्यात, पर हळदीचं पान लय भारी लागंल."

मी गेलो. ओसरीवर माई वाती वळत होत्या.

"माई, जरा मोदकपात्र मिळेल का? दादा आलाय, त्याला काहीतरी उकडायचंय. आणि थोडी हळदीची पानं."

माईंचा हात थांबला. "मोदकपात्र आणि हळदीची पानं? शिंदे, पातोळ्या करताय?"

पातोळी म्हणजे काय हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. "हो," मी म्हणालो.

माईंचा चेहराच बदलला. त्यांचं माहेर कोकणात, समुद्राला लागून. लग्न होऊन घाटावर आल्या त्याला उभा जन्म झाला, आणि सासरी पातोळी कुणाला माहीत नव्हती. एकटीसाठी काय करायच्या, म्हणून त्यांनीही कधी केल्या नाहीत. पानं त्यांनी स्वतः निवडून कापली, धुतली, पात्र पुसून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "झाल्या की एक मला आणून द्या हो."

मी घरी येऊन हे सांगितलं. शालन खाली बसली. दादा म्हणाला, "दोन देऊ की." पातोळी म्हणजे गोड पदार्थ, एवढं समजावायला मला बराच वेळ लागला.

तोवर त्यानं काम उरकलं होतं. प्रत्येक तुकड्याला आलं-लसूण चोळायचं, काळं पाणी लावायचं, वर पात चिरून घालायची आणि पानात गुंडाळून दोऱ्यानं बांधायचं. शेपटीचा तुकडा मात्र काही केल्या पानात मावेना. "त्यो कापायचा न्हाई, त्यो माजा," म्हणत दादानं तो तसाच खाली घातला आणि वर बाकीच्या पुड्या कशाबशा रचल्या. झाकण बसलं. स्टोव्हवर पात्र गुरगुरायला लागलं, आणि खरोखर, हळदीच्या पानाशिवाय कसलाही वास आला नाही. दादानं माझ्याकडं विजयी मुद्रेनं पाहिलं.

तेवढ्यात दारात माई उभ्या राहिल्या.

"वास आला हो पानांचा, राहवेना," म्हणत त्या आत आल्या. एक बाप्या माणूस स्टोव्हजवळ उकिडवा बसलेला बघून त्या चकित झाल्या. "तुमच्यात पुरुष करतात?"

"हा पदार्थ पुरुषच करतात," मी म्हणालो. हे वाक्य मला पुढं फार महागात पडलं.

माईंची नजर काळ्या बाटलीवर गेली. "ही काय, काकवी का?"

ऊसवाल्याच्या घरात काळं आणि पातळ म्हणजे काकवीच. मी हो म्हणालो. माईंनी तळहात पुढं केला. दादानं, हवालदाराला शोभेल अशा शिस्तीत, दोन थेंब ओतले. माईंनी चाटले. भुवया चष्म्याच्या वर गेल्या.

"खारट आहे हो काकवी."

"रान क्षारपड झालंय आमचं," मी म्हणालो. "पाण्यानं मीठ फुटलंय. ऊसच खारट येतोय."

शालननं पदर तोंडावर घेतला. रडत होती की हसत होती, ते आजतागायत तिनं सांगितलेलं नाही.

"अरेरे," माई म्हणाल्या आणि पुढं होऊन त्यांनी झाकण उचललं.

वाफेचा लोट आला. चष्मा पांढरा झाला. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाक मारली. माईंनी चष्मा काढला, पदरानं सावकाश पुसला, पुन्हा घातला आणि पात्रात पाहिलं. मग झाकण ठेवून दिलं.

"बऱ्याच मोठ्या केल्यात."

"आमच्याकडं तशाच असतात," मी म्हणालो. "पण माई, एक चूक झाली माझी. हा कुळाचा नैवेद्य आहे. भावकीबाहेर द्यायचा नसतो."

माईंनी एकदा पात्राकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "देवाचं ते देवाला. पण मला साध्या कराल ना? उद्या संध्याकाळी, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. आंघोळ करून या. आणि हे पात्र राहू दे तुमच्याकडेच."

त्या गेल्या. आम्ही दारं लावून मासा खाल्ला. असा मासा मी त्यानंतर कधी खाल्ला नाही. पांढरा, मऊ, पाकळ्या सुटणारा, आल्याचा झणका आणि मागून पानाचा गोडसर वास. शालननंही दोन तुकडे खाल्ले आणि भिंतीला सांगितलं, "त्यास्नी सांगा, चांगला झालाय."

दुसऱ्या सकाळी दादा गावाकडच्या एसटीत बसून निघून गेला. संध्याकाळी मी कारखान्यातून येऊन, डोक्यावरून आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून माईंच्या स्वयंपाकघरात हजर झालो. ओट्यावर कोरं करकरीत नवं मोदकपात्र होतं. माईंनी मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मग पुन्हा धुवायला लावले. केवढं हे सोवळं, मला वाटलं.

माझी पहिली पातोळी फाटली. दुसरीतला गूळ बाहेर आला. "पुरुषच करतात ना तुमच्यात?" माई विचारत होत्या. पण त्यांनी ती फाटकी पातोळी हातात घेतली, खाल्ली आणि चष्मा काढून डोळे टिपले. मला फार बरं वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

पुढं दर वर्षी हाच कार्यक्रम. गणपती झाले की माईंचा निरोप यायचा आणि फिटर शिंदे धोतर नेसून निघायचे. हळूहळू हात बसला. शालन म्हणायची, "मला कवा च्या तरी करून दिलाय का?" मी म्हणायचो, घर टिकवायचं असेल तर हे करावंच लागतं. आपण माईंना काही कळू दिलं नाही, याचा मला आतून अभिमान होता.

पुढं कुपवाडलाच आमची स्वतःची दोन खोल्यांची जागा झाली. (नळ आहे. शालननं आधी तोच बघितला.) निघताना मी तांब्याचं मोदकपात्र चिंचेनं लखलखीत घासून माईंपुढं ठेवलं.

"ते न्या तुम्हीच," माई म्हणाल्या. "मला काय उपयोग त्याचा? माझ्या माहेरच्या पातोळ्यांना शेपूट नसतं."

 मी विचारलं, "मग माई, तेव्हाच का नाही काढलंत आम्हाला?"

"काढणारच होते. आधी एकदा पातोळ्या करून घेऊ आणि मग सांगू, असं ठरवलं होतं. त्या फाटल्या. म्हटलं, पुढच्या वर्षी चांगल्या होतील, तेव्हा सांगू. मग चांगल्या व्हायला लागल्या." माईंनी चष्मा पुसला. "दुसरा भाडेकरू मिळाला असता हो, पण तो पातोळ्या करणारा थोडाच असता?"

मी मोदकपात्र काखेत मारून पायरी उतरलो. मागून हाक आली.

"शिंदे, रान कसं आहे हो तुमचं? काकवी अजून खारटच येते का?"

इतक्या वर्षांची सवय. मी वळून म्हणालो, "नाही माई, यंदा जरा उतार आहे."