भुजंगचं नाक

जालन्याच्या एमआयडीसीत भागचंद शेठजींचा केळ्याचं इसेन्स बनवायचा छोटा कारखाना. गोळ्या-बिस्किटांत पडतं ना, तेच. तिथं सव्वीस वर्षं हुकूम चालायचा तो भुजंगच्या नाकाचा. कुंभार पिंपळगावचा हा गडी मोठ्या भांड्याचं झाकण उचलून एक श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "झाला माल. उतरवा." यंत्र चुकेल पण भुजंग चुकणार नाही, असं शेठजी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

खरं काय ते एकट्या भुजंगला ठाऊक. ॲसिडच्या वाफांनी चार वर्षांपूर्वीच त्याचा वास गेला होता. घशाला बसणारा ठसका कमी झाला की माल झाला, या हिशेबावर तो निभावून नेत होता. नाक गेलं म्हणजे नोकरी गेली, म्हणून बायकोलाही त्यानं ताकास तूर लागू दिली नाही.

अशात शेठजींची नात कनिका पुण्याहून शिकून आली, ती ॲसिडच्या जागी टाकायची एन्झाइमची भुकटी घेऊन.

"मूळचं एन्झाइम जरा ऊब वाढली की निकामी व्हायचं, काका," ती म्हणाली. "आम्ही त्याची ठेवण बदलून ते टिकाऊ केलंय. आता ॲसिड नको, एवढी वाफही नको."

ॲसिड नको, वाफ नको, मग भुजंग तरी कशाला? पोरीला आपलं बिंग कळलंय आणि गोड बोलून आपल्याला बाहेर काढायचा हा डाव आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यातून ती भुकटी पांढरीफटक, ना धूर ना फेस. बोगस बियाण्यानं दोनदा हात पोळलेला माणूस तो. सीलबंद पुडीवर त्याचा भरवसा बसावा कसा?

पहिल्या बॅचला दुपारी दोनला त्यानं झाकण उचललं. घशाला काहीच लागलं नाही; सकाळपासून ठसका उठलाच नव्हता, मग तो कमी झाला हे कळावं कशानं? भुकटी फुकट गेली आणि खापर आपल्यावर फुटणार, असं धरून चालत त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि मगभर ॲसिड आत ओतलं.

संध्याकाळी माल निम्मा कच्चा निघाला. कनिकाचं तोंड एवढंसं झालं. शेठजींनी निकाल दिला, "उद्यापासून जुनीच रीत."

भुजंगच्या मनासारखं झालं होतं. कनिकानं मात्र एक बाटली पुढं केली. "काका, हा पावणेदोनचा नमुना. सांगा बरं."

त्यानं जुन्या ऐटीत हुंगलं. "कच्चाच हाय. वास बिलकुल न्हाई."

शेठजींनी बाटली घेतली आणि ते थबकले. "अरे, दुपारी सगळ्या शेडमध्ये हाच घमघमाट होता."

भुजंग खाली बसला.

"ॲसिड म्या ओतलं, ताई. तुमचं औषध चांगलंच असंल, माझ्या ॲसिडनं ते अर्ध्यातच मेलं. चार वर्षं झाली, घरी भाकर जळाली तरी मला कळत न्हाई." मग त्यानं शेठजींकडं पाहिलं. "पर हे तवाच सांगितलं असतं, तर तुम्ही मला ठेवलं असतं का?"

शेठजी बाटलीचं बूच लावत राहिले.