अर्ध्या कोयत्याला माझा जोड

आता कुठल्या तोंडानं सांगू, पण चहा घेताय तोवर ऐकाच. ढोकीत माझं वेल्डिंगचं दुकान आहे आणि डोकं माझं गॅसशिवाय पेटतं.

माझी भाची मंदा मूर्तिकाम शिकून आली. दाजी गेल्यावर आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, एकटीनं ऊस तोडून तिला शिकवलं. गावानं मंदाला सांगितलं, चौकात शूरवीराचा पुतळा कर. मी लगेच गावभर सांगून मोकळा, घोडा येणार, पुढचे दोन पाय वर. चबुतरासुद्धा मनात आखून ठेवला.

आणि टेम्पोतून काय उतरलं? पत्र्याची आक्का. डोक्यावर उसाची मोळी. घोडा नाही, तलवार नाही.

"मंदे, चबुतरा कुठाय?"

"चबुतरा न्हाय मामा. आई जमिनीवरच उभी राहणार."

"आन शौर्य?"

"मोळी उचलून बघा, मग कळंल."

असा संताप आला म्हणता! त्यात पायाशी पाटी, 'अर्धा कोयता'. बघतो तर खरंच, कमरेला खोचलेल्या कोयत्याची नुसती मूठ दिसत होती. माझ्या बहिणीला अर्धं हत्यार? मामाकडं काय लोखंड नव्हतं?

मंदा जेवायला गेली. मी हातभर लांब कोयता कापला आणि मोळीवर उभा जोडला, पार तलवारीसारखा. पाटीवरचं 'अर्धा' खरवडून तिथं 'अखंड' रंगवलं. वर कापड टाकलं.

संध्याकाळी सगळ्या गावासमोर कापड ओढलं. मंदाचा चेहरा पडला. आक्कानं वर बघितलं, पाटी वाचली.

"कोयता पुरा केलास व्हय रं? मग तुझे दाजी कुठं उभे केलेस?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटी बाई गेली की मुकादम मोजणार, अर्धा कोयता. इतकी वर्षं आक्काला हरामखोरांनी तसंच मोजलं. जिता माणूस अर्धा मोजायचा? माझं डोकं अजून तापतं. पोरीनं तोच राग चौकात आणून उभा केला होता, आणि मी तो खरवडून टाकला.

"उतरव त्यो," आक्का म्हणाली. "एकटीनं तोडलाय ऊस म्या."

भर चौकात ग्राइंडर घेऊन स्टुलावर चढलो. खालून कुणीतरी विचारलं, "आक्का, तुम्ही अर्धा कोयता, मग ह्यो तुमचा भाऊ किती?"

आक्का म्हणाली, "ह्येला कोण मुकादम मोजतोय?"